स्वहस्ते घडविलेली जॉयस्टिक : हस्तोद्योगाचा एक पाठ

(कुणकेश्वर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाशिवरात्रीच्या यात्रेतून मुलाने आणलेले खेळणे चार दिवसांत मोडते आणि मोडल्यावर मूल ते उघडून आत डोकावते. या डोकावण्याबद्दल त्यास घरी बहुधा बोलणी खावी लागतात. शाळेने मात्र या जिज्ञासेचे स्वागत करावयास हवे. कारण विज्ञानाचा आरंभ तेथेच होतो. आजच्या मुलाच्या हाती मोबाईल आहे, परंतु तो उघडून पाहण्याची सोय नाही. बोट फिरते, चित्र हलते. मध्ये काय घडते हे मात्र झाकलेलेच राहते. यासाठी खेळयंत्राचा एक असा भाग निवडला पाहिजे, की जो मुलास स्वतःच्या हातांनी घडविता येईल. जॉयस्टिक हा तसा भाग होय.

विमानाच्या नियंत्रक दांड्यास हे नाव प्रथम रूढ झाले. पुढे ते खेळयंत्राच्या दांडीस मिळाले. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली घरगुती खेळयंत्राबरोबर अशी दांडी दिली. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने आणलेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळात तर सारा खेळ एका दांडीवरच चालत असे. दिसण्यात गूढ असले तरी हिचे अंतरंग अगदी साधे आहे: मध्यभागी दांडी, तिच्या चार बाजूंस चार विद्युत्संपर्क आणि दांडीस पुन्हा मध्यावर आणणारी स्प्रिंग. दांडी ज्या बाजूस झुकते तेथील संपर्क जुळतो, आणि यंत्रास दिशा कळते.

आता कृतीकडे वळू. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची गोल काठी घ्यावी. मुठीसाठी मोडका भोवरा उत्तम. त्याची आर काढून ते छिद्र रुंद केले की काठी घट्ट बसते. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी ज्या कातकामाने घडतात, त्याच कातकामाचा हा नमुना असल्यामुळे त्या कारागिरीचा परिचयही ओघाने करून देता येतो. लाकडी खोक्याच्या झाकणास ३ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे. त्याच्या खालच्या अंगास मोटारीच्या टाकाऊ ट्यूबचा तुकडा ताणून चुकांनी बसवावा आणि त्यास लहान छिद्र पाडून काठी घट्ट आरपार न्यावी. १० सेंटिमीटर भाग वर व ५ सेंटिमीटर खाली राहावा. येथे रबर हाच टेकू व रबर हीच स्प्रिंग. काठीच्या खालच्या टोकास तांब्याची तार गुंडाळावी आणि त्याच्या चारही बाजूंस सारख्या अंतरावर पत्र्याच्या चार पट्ट्या उभ्या कराव्यात. मूठ २ सेंटिमीटर सरकली की खालचे टोक १ सेंटिमीटर सरकते, हे मुलांनी मोजून पाहावे आणि त्यावरून पट्ट्यांचे अंतर स्वतःच ठरवावे. तरफेचे गणित फळ्यापेक्षा येथे अधिक लवकर उमगते.

दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडावेत. काठीवरील तार सेलच्या एका टोकास जोडावी. प्रत्येक पट्टीपासून एक लाल एलईडी दिवा व १०० ओहमचा रोधक यांतून दुसऱ्या टोकास तार न्यावी. दिवा पेटला नाही तर त्याची टोके उलटी करून पाहावीत. घरातील विजेच्या जोडणीशी या खेळाचा काडीचाही संबंध येऊ देऊ नये, आणि सुरी व गिरमिट शिक्षकाच्या देखतच वापरावेत.

मूठ उजवीकडे ढकलली की डावीकडची पट्टी जुळते आणि डावा दिवा लागतो. मुले गोंधळतात. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. कुणकेश्वरच्या वर्गात होडीवर गेलेले एखादे मूल असतेच. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडीचे तोंड उजवीकडे वळते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यास बोलते करावे. टेकूच्या एका अंगास जी गती, तिच्या उलट गती दुसऱ्या अंगास, हा नियम ते मूल आपल्याच अनुभवातून वर्गापुढे मांडील. जे मूल वाचनात मागे म्हणून गप्प बसते, त्यास त्या दिवशी वर्गात स्थान मिळते. मग डावी पट्टी उजव्या दिव्यास जोडली की काम झाले.

मूठ तिरपी ढकलली तर शेजारचे दोन दिवे एकदम लागतात. चार संपर्कांतून आठ दिशा निघतात आणि ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य यांचा पाठ आपोआप होतो. तिरप्या दिशा नको असतील, तर झाकणावर चौकोनी भोकाची पट्टी कोपरा वर करून, शंकरपाळ्यासारखी बसवावी. काठी मग चारच दिशांस पुरती जाते.

समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, तांबे हिरवे पडते आणि काही दिवसांत दिवा लागेनासा होतो. ही अडचण मानू नये. सेल, तार, दिवा, संपर्क अशा क्रमाने दोष शोधावयास लावावे आणि काचकागदाने संपर्क घासून घ्यावेत. दोष क्रमाने शोधण्याची ही सवय पुढे पंपाजवळ, होडीच्या इंजिनाजवळ, सर्वत्र उपयोगी पडते.

“मुलास खेळावयास शाळेत पाठविले काय?” असे काही पालक विचारतील. त्यांस वाद घालून नव्हे, तर शाळेत बोलावून उत्तर द्यावे. मुलानेच त्यांस आतील रचना समजावून सांगावी. शिक्षणात हस्तोद्योगास केंद्रस्थान द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून देशभरच्या मुलांपर्यंत पोचविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले आहेत. जॉयस्टिकचा पाठ याच वाटेवरील आहे.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. हत्यारे मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती, अशी वाटणी नकळत होते. गिरमिट प्रत्येकीच्या हाती गेलेच पाहिजे.

पहिल्या तासास मापे व आकृती, दुसऱ्यास सुतारकाम, तिसऱ्यास विद्युत्जोडणी, अशी विभागणी सोयीची पडते. तीन-चार मुलांचा एक गट पुरे. दिवे नीट लागू लागल्यावर तेच चार संपर्क बाजारात मिळणाऱ्या छोट्या फलकाच्या साहाय्याने शाळेच्या संगणकास जोडता येतात. पण ती पुढील पायरी. प्रथम प्रत्येक गटाने आपली आकृती, मापे आणि आढळलेले दोष वहीत नोंदवावेत, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गास द्यावी.