गोरिलाचा विश्वास



गोरिला म्हणजे क्रूर राक्षस, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९५९-६० साली आफ्रिकेतील विरुंगा पर्वतात जॉर्ज शॅलर यांनी गोरिलांना दिसेल असे शांत बसून निरीक्षण केले. ते प्राणी बहुधा सौम्यच आढळले. पुढे १९६७ पासून रवांडात डायन फॉसी यांनी नजर न रोखता, पाला चघळल्याचा आविर्भाव करीत, धीराने त्यांचा विश्वास संपादिला. १९७० साली ‘पीनट्स’ नावाच्या नराने आपण होऊन त्यांच्या हातास स्पर्श केला.

आज मात्र माणसाच्या सर्दीचीही बाधा गोरिलांना होते, म्हणून अभ्यागतांस दूर उभे राहावे लागते. अंतर राखणे हाही स्नेहच होय.

मुलांस सांगावे, की छाती बडविणे हा बहुधा इशारा असतो, हल्ला नव्हे. अज्ञानातून उपजलेले भय घालविणे हे आपलेच काम आहे.