फाडलेल्या टिपणांचा अभ्यास



आपल्या ऑम्बुड्सच्या, म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या तक्रारी गोपनीयपणे ऐकून घेण्याच्या, व्यवसायाचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. माणूस येतो, दार लावून घेतो, साहेबाबद्दल मनातलं सगळं बोलतो. तो गेला की आपण टिपण फाडून टाकतो. मग संशोधकानं हाताशी धरायचं काय?

हा पेच नुसता पंडिती नाही. अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या मॅकडॉनेल डग्लस कंपनीत ऑम्बुड्सचं कार्यालय होतं. तिथलं बोलणं कोर्टात उघड करायला लावता येणार नाही, असं १९९१ मध्ये मिसुरीतल्या संघीय न्यायालयानं मानलं. सहाच वर्षांनी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात, वरच्या न्यायालयानं हे संरक्षण नाकारलं. त्याचं कारण आपल्याला झोंबणारं आहे. तंटा मिटवायच्या इतर मार्गांपेक्षा हा मार्ग अधिक यशस्वी ठरतो, याचा कसलाही पुरावा कंपनीनं दिला नाही, असं न्यायालय म्हणालं. कंपनीचे वकील कमी पडले असतील. पण त्यांनी पुरावा मागितला असता, तर आपल्या मंडळींनी काय काढून दिलं असतं?

या पेचातून वाट त्याआधीच काढली होती ती मेरी रो यांनी. १९७३ मध्ये त्या एमआयटीत आल्या, स्त्रियांचे नोकरीतले प्रश्न बघायला. कानावर येणाऱ्या कितीतरी गोष्टी इतक्या बारीक होत्या, की अर्जात लिहिल्या तर वाचणारा हसेल: यादीतून नाव गळलं, प्राध्यापिकेला कुणी सेक्रेटरी समजलं. एकेकटी गोष्ट क्षुल्लक, पण त्याच पुन्हापुन्हा घडताना दिसल्या. रो यांनी त्यांना ‘मायक्रो-इनइक्विटीज’, म्हणजे सूक्ष्म अन्याय, म्हटलं. कुणाचंही नाव न फोडता ज्ञान उभं राहतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर लेखन वाढलं. चार्ल्स हॉवर्ड यांनी २०१० च्या ग्रंथात कायद्याची बाजू मांडली. ऑम्बुड्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं जर्नल २००८ पासून निघतं. पण स्पष्ट बोलतो: यातलं बरंचसं लेखन ऑम्बुड्सनी ऑम्बुड्सांसाठी केलेलं आहे. स्वातंत्र्य, निःपक्षपातीपणा, अनौपचारिकता, गोपनीयता ही चार तत्त्वं आळवायची आणि थांबायचं. तटस्थतेचीच चिकित्सा करणारे हॉवर्ड गॅडलिन यांच्यासारखे लेखक थोडे. आणि दार लावून बोलून गेलेल्या माणसाला पुढे काय वाटलं, हे फारच थोड्यांनी विचारलंय.

आपल्याकडे घोळ आणखी वेगळा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठात ऑम्बुड्सपर्सन नेमतात; निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. तक्रार निवारण समितीच्या निर्णयावर विद्यार्थ्यांनी केलेली अपिलं ते ऐकतात. काम गरजेचं, पण ते निवाड्याचं. आपण निवाडा देत नाही. त्या पदावरच्या निबंधांना मेरी रो यांचे दाखले जोडू नयेत, ही तरुण अभ्यासकांना विनंती.

दुपारच्या सत्रात आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांच्या वर्गवारीचा तक्ता चर्चेला येतोय. आंतरराष्ट्रीय संघटनेनं प्रश्नांचे नऊ गट पाडलेत. नाव न लिहिता नुसती नोंद करायची, म्हणजे टिपण फाडलं तरी आकडा उरतो. तो तक्ता आपण जसाच्या तसा उचलावा, असं मला वाटत नाही. डबा खाताना आडनावावरून मारलेला टोमणा सहकाऱ्यांच्या संबंधांत धरायचा की कायद्याच्या गटात? आणि तो साहेबानं मारला असेल तर? सत्राची सुरुवात इथून करावी, असं मी सुचवतो.