बर्फावरील हॉकी आणि लॅटव्हिया

हॉकी म्हटली कीं आपणांस हिरवळ आठवते. मी बोलणार आहें ती बर्फावरची. लॅटव्हियाची वस्ती अवघी सुमारें १९ लाख. जागतिक स्पर्धेच्या वरिष्ठ गटांत १६ संघ. शेवटच्या दोघांस खालच्या गटांत उतरावें लागतें. १९९७ सालीं वर आलेला हा संघ २०२३ पर्यंत एकदांहि खालीं गेला नाहीं, हेंच मला पदकाहून मोठें वाटतें. २०२३ सालीं मात्र त्यानें रीगा येथें बलाढ्य स्वीडनला ३-१ असें हरविलें, आणि पुढें टाम्पेरे येथें जादा वेळांत अमेरिकेला ४-३ नें नमवून कांस्यपदक मिळविलें. बरोबरीचा व विजयाचा, दोन्ही गोल क्रिस्टियान्स रुबिन्सचे. त्याच रात्रीं संसद भरली व दुसऱ्या दिवशीं देशास सुटी मिळाली. मास्तरांनाहि ती मानवली असेल! २०२४ सालीं तोच संघ उपांत्यपूर्व फेरीसहि पोंचला नाहीं.