हातांतील शर्यत

निन्टेन्डो या जपानी कंपनीनें २००५ सालीं ‘मारियो कार्ट डीएस’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ आपल्या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं काढला. त्यांत ३२ मार्ग तर होतेच. शिवाय सातासमुद्रांपलीकडील अनोळखी गड्याशीं इंटरनेटवरून शर्यत लावण्याची सोयहि होती. पण ती सोय कंपनीच्या सेवेवर अवलंबून. २०१४ च्या मे महिन्यांत ती सेवा बंद झाली आणि दूरचे गडी दुरावले. मात्र एका खोलींत जमलेले आठ जण आपापल्या यंत्रांवर, एकाच कार्ट्रिजच्या आधारें, निवडक मार्गांवर आजहि शर्यत लावूं शकतात. त्यांस कोणाच्या सेवेची गरज नाहीं. तेव्हां कपाटांतील जुनें यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं शेजारीं एकदां हांक मारून पाहावी.