पहिला परदेश, स्वतःच्या बचतीतून
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. कमिटीने मला ‘बचतीचे महत्त्व’ या विषयावर बोलायला सांगितलं. उभा जन्म बँकेत गेलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण ‘बचत करा, बचत करा’ असं नुसतं म्हटलं की मागच्या रांगेतली पोरं मोबाईल काढतात. म्हणून आज मी बचत कशासाठी करायची, त्याचं एकच उदाहरण घेणार आहे.

आपल्या सोसायटीतली चार मुलं, दोन मुली आणि दोन मुलगे, यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. दिवाळीनंतर आठ-नऊ दिवसांसाठी काठमांडूला जायचं त्यांनी ठरवलंय. चौघांनी दुसऱ्या वर्षापासून दरमहा हजार रुपयांची आवर्ती ठेव चालवली आहे. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी सुट्टीत दुकानात काम केलं. अठरा महिन्यांचे अठरा हजार, वर थोडं व्याज. आता पैसे हातात आहेत, पण घरून परवानगी नाही. कुणी म्हणतं रस्ते वाईट आहेत, कुणी म्हणतं नोकरी लागल्यावर जा, आणि मुलींच्या घरी तर ‘कशाला?’ एवढ्या एका शब्दात विषय संपतो. मला दोन्ही बाजूंशी बोलायचं आहे. आधी पोरांशी बोलतो.

परदेशची राजधानी म्हटलं की आपल्याला लंडन, पॅरिस आठवतं. तिथला व्हिसा, विमान आणि मुक्काम विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारा नाही. थिंफू जवळ आहे, पण भूतान सरकार आपल्याकडूनही माणशी, दर रात्री १२०० रुपये शुल्क घेतं. २०२२ पासून तो नियम आहे. कोलंबोला विमान आलंच. काठमांडूचं तसं नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही आणि जमिनीवरून जाता येतं. शिवाय नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. दुकानाची पाटी, बसचा फलक, देवळातली सूचना, सगळं शेवगावच्या पोराला पहिल्या दिवसापासून वाचता येतं. पहिल्या परदेशवारीला याहून सोपी राजधानी मला तरी माहीत नाही.

आता कागदपत्रं. इथे पुष्कळ जण फसतात. नेपाळला जाताना तुमच्या वयाला आधार कार्ड चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सही नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि आम्हा पासष्टच्या पुढच्या म्हाताऱ्यांना आहे. माझं म्हणणं, मतदार कार्ड असलं तरी पासपोर्ट काढून घ्या. साधा छत्तीस पानी पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, दहा वर्षं चालतो, आणि पुढे नोकरीला, शिक्षणाला लागतोच. पोलीस पडताळणीला वेळ जातो, म्हणून तीन महिने आधी अर्ज करा.

रस्ता असा. शेवगावहून एसटीने नगर. पुण्याहून गोरखपूरला जाणारी गाडी नगरला मिळते, नाहीतर मनमाड गाठायचं. तिथे काशी एक्सप्रेस आहे, कुशीनगर एक्सप्रेस आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच सकाळी जाण्याचं तिकीट काढा. परतीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी तेही काढायचं. गोरखपूरहून बसने सोनौली, चालत सीमा ओलांडली की नेपाळचं भैरहवा, आणि तिथून काठमांडूची बस. डोंगराचा रस्ता आहे, आख्खा दिवस जातो. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायला विसरू नका. बसच्या तिकिटावर विक्रम संवत असतं, म्हणजे आपल्यापेक्षा सत्तावन्न वर्षं पुढचं साल. ते पाहून दचकू नका, पण तारीख मात्र काउंटरवर विचारून खात्री करून घ्या.

आता माझ्या खात्यातला विषय, पैसा. तुम्ही बँकेत जाऊन ‘नेपाळसाठी डॉलर द्या’ म्हणालात तर बँक देणार नाही. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन द्यायला परवानगीच नाही, कारण तिथे आपला रुपया चालतो. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर बांधलेला आहे. नेपाळी किंमत आपल्या रुपयात हवी असेल तर पाचाने गुणा, आठाने भागा. ८०० नेपाळी म्हणजे आपले ५००. दुकानदाराने भाव सांगितला की आधी विचारायचं, ‘भारु की नेरु?’ भारु म्हणजे भारतीय रुपया, नेरु म्हणजे नेपाळी. हे विचारलं नाही तर शंभराला साठ जादा जातात.

नोटांचं एक लक्षात ठेवा. १०० पर्यंतच्या नोटा निर्धास्त न्या. त्यापुढच्या नोटांचा नियम नेपाळने वेळोवेळी बदलला आहे. २०१८ च्या डिसेंबरात २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर तिथे बंदी आली होती. निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्या. मार्च २०२४ पासून तिथल्या दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआयही चालू झालंय. सोय चांगली आहे, पण नेटवर्क गेलं की तीही गेली. म्हणून चौघांत निदान दोघांकडे डेबिट कार्ड असू द्या आणि परदेशातला वापर बँकेतून आधीच सुरू करून घ्या.

आता अठरा हजारांची वाटणी. बहुतेक पोरं आधी बघायची ठिकाणं लिहितात, मग हॉटेल, मग जेवण, आणि उरले तर परतीचे. मी उलटं सांगतो. वहीत पहिली ओळ परतीची लिहा. समजा काठमांडूहून शेवगावपर्यंत यायला ३५०० धरले. ते वेगळ्या पाकिटात, बॅगेच्या तळाशी. काही झालं तरी हात लावायचा नाही. दुसरी ओळ अडीअडचणीची, आणखी ३५००. आम्ही कर्ज देताना मार्जिन ठेवायचो, तसंच हे. तिसरी ओळ जाण्याची, ३५००. झाले साडेदहा हजार. उरले साडेसात हजार. नेपाळातल्या पाच दिवसांना वाटले तर रोज १५०० भारतीय, म्हणजे २४०० नेपाळी. त्यात मुक्काम, जेवण, बस आणि प्रवेश शुल्क. दोघांत एक खोली घेतली तर भागतं. आकडे तुम्ही त्या वेळच्या दराने बदला, पण ओळींचा क्रम बदलू नका.

आणि कर्ज काढून जायचं नाही. ‘आता फिरा, नंतर भरा’ असं सांगणारी ॲप पोरांच्या मागे लागतात. आठ दिवसांच्या सहलीचा हप्ता वर्षभर फेडायचा, हा व्यवहार नव्हे.

तिथे गेल्यावर स्वस्तात कसं राहायचं? ठमेल भागात विद्यार्थ्यांना परवडतील अशी हॉस्टेलं आहेत. जेवायला दालभात घ्या. डाळ, भात, भाजी पुन्हा वाढतात, आपल्या पंगतीसारखं. शहरात फिरायला साझा यातायातच्या हिरव्या बस आहेत. ही साझा म्हणजे सहकारी संस्था आहे. प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या जिल्ह्यातली आपण माणसं, सहकारी सोसायटीत राहणारी. सहकारी बसमधून एक राजधानी बघायला आपल्याला बरंच वाटेल.

चार दिवसांत सगळं बघायचा अट्टहास नको. एक दिवस पशुपतिनाथ, आणि तिथून चालत बौद्धनाथचा स्तूप. दुसऱ्या दिवशी स्वयंभूनाथ आणि वसंतपूरचा दरबार चौक. तिथलं काष्ठमंडप २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळलं होतं, लोकांनी ते पुन्हा उभं केलं. तिसऱ्या दिवशी पाटणचं दगडी कृष्णमंदिर, चौथ्या दिवशी भक्तपूरचं पाच मजली न्यातपोल, १७०२ सालचं. तिकीट खिडकीवर ओळखपत्र दाखवा. सार्क देशांतल्या लोकांना दर कमी असतो. शनिवारी तिथे सुट्टी असते, बँका बंद. आपल्या सवयीने रविवार धरून बसू नका.

पोरांनो, हा रस्ता आपल्या एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी जवळजवळ रिकाम्या खिशाने तुडवलाय. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. घर सोडून पुण्याला आले, तिथून संस्कृत शिकायला काशीला गेले, अन्नछत्रात जेवले, आणि बुद्धधर्माच्या शोधात १९०२ साली नेपाळला पोचले. जे शोधत होते ते काठमांडूत मिळालं नाही. मग बोधगया, पुढे सिंहलद्वीप, आणि तिथे पाली शिकले. नंतर फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. त्यांच्याकडे परतीचं पाकीट नव्हतं, ते शोधायलाच निघाले होते. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला परत येऊन परीक्षा द्यायची आहे. म्हणून त्यांच्याकडून जिज्ञासा घ्या, हिशेब माझ्याकडून घ्या.

आता पालकांशी दोन शब्द.

तुमची भीती खोटी नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली, सत्तावीस माणसं गेली. त्याआधी १२ जुलैला दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आंदोलन पेटलं आणि काठमांडूचा विमानतळ बंद ठेवावा लागला. हे सगळं मी पोरांना सांगितलं आहे, लपवलेलं नाही.

पण या तारखा नीट बघा. दोन्ही अपघात भर पावसाळ्यातले आहेत. नारायणगढ-मुग्लिनच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात. म्हणून मुलांनी दिवाळीनंतरचे दिवस धरलेत, पाऊस ओसरलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास तिथे दशैं असतं, सगळं नेपाळ गावाकडे निघतं आणि बसमध्ये जागा मिळत नाही. तेही दिवस त्यांनी टाळलेत. मी चार अटी घातल्या, त्या चौघांनी लिहून दिल्या आहेत. डोंगरातला प्रवास फक्त दिवसाउजेडी. रात्री मुक्कामाला पोचलं की घरी फोन, त्यासाठी पासपोर्ट दाखवून तिथलं सिम घ्यायचं. लैनचौरमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर चौघांच्याही वहीत. आणि निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचायची. तिथे ‘जाऊ नका’ म्हटलं असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नाही. बंद, दरड, आजारपण, यासाठीच ते दुसरं पाकीट आहे.

मुलींच्या आईवडिलांना माझी वेगळी विनंती आहे. उद्या लग्न होऊन किंवा नोकरी लागून या मुली पुण्याला, बंगळुरूला, कदाचित अमेरिकेत जातील. तेव्हा आपण कौतुकाने पेढे वाटतो. मग त्यांनी स्वतः साठवलेल्या पैशांत, स्वतः आखलेल्या रस्त्याने आठ दिवस जाऊन यायला हरकत का असावी? दोन मुली बरोबर आहेत, खोली त्यांची वेगळी आहे, परतीचं आरक्षण ठरलेलं आहे. ज्या मुलीने अठरा महिने एकही हप्ता चुकवला नाही, तिच्या शब्दावर बँक कर्ज देईल. घराने परवानगी द्यावी, एवढंच मी मागतो.

‘नोकरी लागल्यावर जा’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो. नोकरी लागली की पैसा येतो, सुट्टी मिळत नाही. बँकेत मी तेच पाहिलं. साठवलेली रजा निवृत्तीच्या दिवशी रोख करून घेणारे कितीतरी जण होते, आणि ठरवलेला प्रवास कागदावरच राहिला.

या महिनाअखेरीस चारही घरांनी एकत्र बसावं. वही मी घेऊन येतो. शंका विचारा, आकडे खोडा, हवं तर मार्जिन वाढवा. पटलं तर आरक्षण उघडेल त्या सकाळी तिकिटं काढू. आणि पोरांनो, परत आलात की जमाखर्च सोसायटीच्या सूचना फलकावर लावायचा. कुठे किती गेले, कुठे वाचले, दुसऱ्या पाकिटातलं किती शिल्लक राहिलं, सगळं लिहायचं. आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना त्यावरून त्यांची आवर्ती ठेव ठरवता येईल.