अंगठ्याएवढे योद्धे

इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा टेबलावर मांडायचा युद्धखेळ आणला. त्यातल्या राक्षस, बुटके, जादूगार यांच्या मूर्ती जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीच्या. पुढे त्या मूर्ती रंगवणं हीच अनेकांची खरी हौस झाली. १९८७ पासून त्यासाठी ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धाही सुरू झाली.

रंगवताना आधी अस्तराचा रंग. मग पाणी घालून पातळ केलेल्या ॲक्रिलिकचे हात, एकावर एक. थर जाड झाला की चेहऱ्यावरचं कोरीवकाम बुजलंच. त्यानंतर गडद, पाणीदार रंग सोडायचा. तो चिलखताच्या खाचांत, अंगरख्याच्या चुण्यांत उतरतो आणि तिथे सावली तयार होते. कडांवर उजळ, बारीक रेघ. एवढ्याशा मूर्तीवर खऱ्या उजेडाची सावली फारशी उठत नाही, म्हणून तीही रंगवायची! मला या कलेतलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं.

रंगवून झालेल्या मूर्तीचा फोटो काढताना वेगळीच कसोटी लागते. इतक्या जवळून नाक स्पष्ट आलं, तर पुढे रोखलेली तलवार धूसर होते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, ॲपर्चर लहान, शटर सावकाश. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला की रंगावरची चकाकी मोडते. एवढ्यानेही भागलं नाही, तर फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि त्यांतले स्पष्ट भाग संगणकावर जोडायचे.