शब्द संपल्यावर

जर्मन ऑपेरा म्हटलं की आपल्याला वाग्नर तेवढा ऐकून माहीत असतो. श्टुटगार्टला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला, तो रिचर्ड स्ट्राउसचा ‘डाफ्ने’ घेऊन. ‘‘मामू, तुम्ही कवी. ऐका तरी.’’ मला जर्मनचं अक्षर येत नाही. सीडी चार महिने कपाटावर पडून होती.

स्ट्राउसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६४च्या जूनमध्ये, व्हिएन्नाच्या रंगमंचावर झालेल्या प्रयोगाचं हे ध्वनिमुद्रण. वाद्यवृंद कार्ल ब्योम यांच्या हाती. १९३८ साली ड्रेस्डेनला पहिला प्रयोगही त्यांनीच केला होता.

गोष्ट ग्रीक पुराणातली. डाफ्नेचा जीव झाडापानांत. बालमित्र लिउकिपोस तिच्यावर भाळतो आणि अपोलो देवही. देव चिडून त्या पोराला मारतो, मग पस्तावतो. लिउकिपोस गायलाय फ्रिट्झ वुंडरलिश. दोनच वर्षांनी, पस्तिशीत, तो जिन्यावरून पडून गेला. हे कळल्यापासून तो मरणाचा प्रसंग मला ऐकवत नाही.

संहिता योझेफ ग्रेगोर यांची. त्यांचं नाव सुचवलं होतं श्टेफान झ्वाइग यांनी. झ्वाइग ज्यू, त्यांनी लिहिलेला स्ट्राउसचा ऑपेरा १९३५ मध्ये नाझींनी मोजक्या प्रयोगांनंतर बंद पाडला होता. ग्रेगोरनी ‘डाफ्ने’च्या शेवटी समूहगान लिहिलं. क्लेमेन्स क्राउस या वाद्यवृंद-संचालकाने सुचवलं, की झाड झालेल्या मुलीपुढे माणसांनी गाणं शोभत नाही. स्ट्राउसने समूहगान काढून टाकलं. (पुढे १९४३ मध्ये त्याने त्या शब्दांवर वेगळी रचना केली, पण ती वेगळीच.)

पहिल्यांदा ऐकताना मी पुस्तिकेवर बोट ठेवून बसलो होतो. शब्द संपले, पान संपलं, गाणं चालूच. हिल्डे ग्यूडेनचा आवाज नुसता, अक्षराविना, वाद्यांतून पानासारखा हलत राहतो. कवी म्हणून मला आधी रागच आला. मग मी तेवढाच भाग तीनदा लावला.

माझ्या एका गीताचं शेवटचं कडवं एका संगीतकाराने गाळलं होतं. तिथे त्याने नुसती बासरी ठेवली. मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो. त्या रात्री फोन केला. म्हटलं, ‘‘ते कडवं गाळलंस ना, त्याबद्दल...’’

‘‘कुठलं रे? म्हणून दाखव.’’

मला पहिली ओळसुद्धा आठवेना.